काळ्या मातीचे अंगण आणि कृत्रिम हिरवळ

माळव्यात, बडोद्यालगतच्या कानम प्रदेशात किंवा बेळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागात ज्यांनी पावसाळे काढले आहेत, त्यांना काळ्या मातीचा स्वभाव निराळा सांगावयास नको. वैशाखात जिच्या भेगांत मुलांचे चेंडू अडकतात, तीच माती आषाढाच्या पहिल्या आठवड्यात पायातील वहाण ओढून घेते. कापसाला आणि गव्हाला ही माती आई आहे. परंतु घराच्या अंगणाला किंवा शाळेच्या पटांगणाला ती सावत्र आईसारखी वागते. पाऊस थांबून दोन दिवस लोटले, आकाश निरभ्र झाले, तरी अंगणाच्या सखल कोपऱ्यात पाणी तसेच उभे असते. त्यावर प्रथम शेवाळ धरते, मग डास होतात आणि शेवटी घरात कोणाला तरी ताप येतो.

या दुखण्यावर हल्ली एक नवे औषध बाजारात मिळू लागले आहे. ते म्हणजे कृत्रिम हिरवळ. गालिच्याप्रमाणे गुंडाळून आणावयाची, अंगणात उलगडावयाची आणि चिखलाला कायमचा निरोप द्यावयाचा, असे तिचे वर्णन विक्रेते करतात. अनेक घरांनी, सोसायट्यांनी आणि शाळांनी ती अंथरलीही आहे. शाळेच्या बाबतीत तर हा पैसा बहुधा पालकांच्या वर्गणीतून उभा राहतो आणि एकदा खर्च झाला की पुन्हा पुष्कळ वर्षे जमत नाही. यास्तव ही हिरवळ काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याचा विचार पैसा देण्यापूर्वी होणे अगत्याचे आहे.

या वस्तूचा जन्म मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेतील शहरी मुलांना खेळावयास मऊ आणि टिकाऊ जागा मिळावी, या विचारातून मोन्सँटो कंपनीने तेथे नायलॉनच्या तंतूंची ही हिरवळ तयार केली. तिचे पहिले नाव ‘केमग्रास’. १९६४ साली प्रॉव्हिडन्स शहरातील मोझेस ब्राउन या शाळेत ती प्रथम अंथरली गेली. पुढे १९६५ साली ह्यूस्टन येथे ‘अ‍ॅस्ट्रोडोम’ हे छप्पर असलेले प्रचंड क्रीडागार उघडले. त्याच्या पारदर्शक छपरातून येणाऱ्या तिरिपीमुळे खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून छपरास रंग दिला. तेव्हा उजेडावाचून आतील खरे गवत मेले. १९६६ साली तेथे ही कृत्रिम हिरवळ आली आणि त्या वास्तूवरून तिला ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ हे नाव मिळाले. आपल्याकडे तिची ओळख झाली ती हॉकीमुळे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारताचा संघ सातव्या क्रमांकावर गेला, ही गोष्ट जुन्या क्रीडाप्रेमींच्या अजून स्मरणात असेल.

या इतिहासातील एक मुद्दा मात्र विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. जेथे या हिरवळीला कीर्ती मिळाली, तेथे तिच्यावर पाऊस पडतच नव्हता! छपराखाली निचऱ्याचा प्रश्न कोठून येणार? पुढे ही हिरवळ उघड्या मैदानांवर गेली, तेव्हा तिच्याखाली खडीचे थर, नळ आणि उतार यांची स्वतंत्र रचना स्थापत्यतज्ज्ञांना करावी लागली. मोठ्या क्रीडांगणावर निचरा होतो तो त्या रचनेमुळे. घरगुती अंगणात वरचा गालिचा तेवढा येतो आणि खालची रचना विसरली जाते. सगळा घोटाळा येथेच होतो.

आता मातीकडे वळू. दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची, युगानुयुगे झीज होऊन ही माती बनली. तिच्यातील चिकण मातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. कण इतके बारीक, तर त्यांमधील वाटाही तितक्याच बारीक. त्यांतून पाणी उतरणार तरी किती वेगाने? वालुकामय जमीन तासाला ३० मिलिमीटरहून अधिक पाणी पिऊ शकते, तर भिजलेली चिकण माती तासाला जेमतेम १ ते ५ मिलिमीटर पाणी पिते. त्यात काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे पापुद्रे पाणी शोषून फुगतात आणि सुकल्यावर आकसतात. म्हणून उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात त्या मिटतात आणि जमीन वर उचलली जाते. या फुगण्या-आकसण्याचा जोर एवढा असतो की त्यामुळे घरांच्या भिंतींना तडे जातात.

थोडा हिशेब करून पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होईल. समजा, अंगण १० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे ८० चौरस मीटर आहे. घराच्या छपराचा ६० चौरस मीटरांचा भाग त्याच बाजूस उतरतो आणि पागोळ्यांचे पाणी अंगणात पडते. एका तासात ३० मिलिमीटर पाऊस झाला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा अंगणावर २,४०० लिटर पडले आणि छपरावरून १,८०० लिटर आले. एकूण ४,२०० लिटर. भिजलेल्या मातीने तासाला २ मिलिमीटर, म्हणजे १६० लिटर पाणी घेतले. उरलेल्या ४,०४० लिटरांना वाट नसेल, तर अंगणभर सरासरी ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी उभे राहणार. जमीन कोठेच सपाट नसल्याने सखल जागी ते घोट्यापर्यंतही येईल.

अशा अंगणावर नुसती हिरवळ अंथरली, तर काय होते? हिरवळीच्या पाठीस ठराविक अंतरावर भोके पाडलेली असतात आणि त्यांतून पाणी झपाट्याने खाली जाते, हे विक्रेत्याचे म्हणणे खरेच आहे. परंतु खाली म्हणजे कोठे? खाली तीच काळी माती आहे आणि ती तासाला दोनच मिलिमीटर पाणी घेणार आहे. चाळणी कितीही उत्तम असली, तरी ती भरलेल्या घागरीवर धरून काय उपयोग? पाणी मग गालिच्याखाली साठते. वरून दिसत नाही, म्हणून अधिक काळ राहते. माती भिजून मऊ होते, पावलांच्या दाबाने खड्डे पडतात, चिखल भोकांतून वर येतो आणि कुबट वास सुटतो. पुढच्या उन्हाळ्यात माती आकसली की गालिच्याचे सांधे उसवतात. चिखल आणि साचलेले पाणी ही दोन निरनिराळी दुखणी आहेत. कृत्रिम हिरवळ पहिल्यावर उपाय आहे. पण तोही दुसऱ्याचा उपाय आधी झालेला असेल तरच.

तेव्हा उपायाचा आरंभ पाण्यापासून करावयास हवा. ऐन पावसात छत्री घेऊन अर्धा तास अंगणात उभे राहावे आणि पाणी कोठून येते, कोठे थबकते व कोणत्या बाजूस जाऊ पाहते, हे डोळ्यांनी पाहून कागदावर टिपून ठेवावे. या अर्ध्या तासाने पुष्कळ खर्च वाचतो. मातीची परीक्षाही कठीण नाही. एक फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा खणून तो पाण्याने भरावा. ते पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा आणि या दुसऱ्या वेळी तासाला पाणी किती उतरते, ते पट्टीने मोजावे. मात्र ही परीक्षा मे महिन्यात करू नये. त्या वेळी कोरड्या भेगा घटाघटा पाणी पितात आणि पाहणाऱ्यास वाटते की जमीन उत्तम निचऱ्याची आहे. आठवडाभर पाऊस झाल्यावर तीच जमीन तोंड मिटून बसते. उन्हाळ्यात जागा पाहून गेलेल्या कंत्राटदाराचा अंदाज पावसाळ्यात चुकतो, त्याचे एक मोठे कारण हेच असते.

पहिला उपाय छपराच्या पाण्याचा. वळचणीस पन्हळ लावून ते पाणी नळाने अंगणाबाहेर किंवा टाकीत न्यावे. वरील हिशेबात छपराचे १,८०० लिटर, म्हणजे २०० लिटरांची नऊ पिंपे, अंगणात येण्याचे टळले. इंदूर-बडोद्याकडे वर्षाला साधारणतः ९०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेवढा पाऊस ६० चौरस मीटर छपरावर पडला, तर सुमारे ५४,००० लिटर पाणी होते. जे पाणी अंगणात शत्रू ठरते, तेच टाकीत किंवा विहिरीत मित्र होते. पुष्कळ घरी तर एवढ्या एकाच उपायाने निम्मे दुखणे बरे होते आणि त्यास लागतो तो केवळ पन्हळीचा खर्च.

दुसरा उपाय उताराचा. अंगणाचा उतार घरापासून दूर जाणारा हवा आणि तो दर मीटरला निदान १ ते २ सेंटिमीटर असावा. ८ मीटरांच्या अंगणात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८ ते १६ सेंटिमीटरांचा फरक पडला पाहिजे. हा उतार डोळ्यांच्या अंदाजाने न धरता पाणसळ आणि दोरी लावून धरावा. शिवाय तो खालच्या मातीलाच द्यावयाचा असतो. माती सपाट ठेवून वरच्या थरात उतार केला, तर वरून अंगण उतरते दिसते आणि पाणी मात्र आत थबकते.

तिसरा उपाय थरांचा, आणि येथे आपल्या लोकांचे जुने शहाणपण उपयोगी पडते. काळ्या मातीवरील अंगणात व रस्त्यात मुरूम घालण्याची रीत दख्खनमध्ये फार जुनी आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवरील संशोधनात असे दाखवून दिले की, स्वतः न फुगणाऱ्या परंतु चिकटपणा असलेल्या मातीचा पुरेसा जाड थर वर दिला, तर खालच्या काळ्या मातीचे फुगणे आटोक्यात राहते. कालव्यांच्या बांधकामात या पद्धतीचा उपयोग झालेला आहे. कालव्यास असा थर मीटरभर लागतो. अंगणावर इमारतीचे ओझे नसल्याने तेथे १५ सेंटिमीटर मुरूमही पुष्कळ काम करतो. वरची भुसभुशीत माती काढून, उतार साधून, मुरूम ओला करून धुमसाने चांगला ठोकावा. त्यावर जिओटेक्स्टाइल नावाचे सच्छिद्र कापड अंथरावे. हे कापड पाणी जाऊ देते, पण माती व खडी एकमेकींत मिसळू देत नाही. कापडावर १० सेंटिमीटर धुतलेली, एका मापाची खडी घालावी आणि तीवर दोन-तीन सेंटिमीटर बारीक कच पसरावी. कामगार पुष्कळदा कचेऐवजी दगडाची भुकटी टाकतात व रोलर फिरवून ती गच्च करतात. दिसावयास ती गुळगुळीत दिसते; पण अशी भुकटी जवळजवळ फरशीसारखी होते आणि पाणी वरच अडते. कामावर देखरेख करणाऱ्याने एवढी एक गोष्ट पाहिली, तरी पुरे.

एका मापाच्या खडीत सुमारे ४० टक्के पोकळी असते. म्हणजे १० सेंटिमीटर खडी ४ सेंटिमीटर पाणी पोटात घेते. आपल्या अंगणात हे ३,२०० लिटर होतात. छपराचे पाणी वळविल्यावर त्या तासाच्या पावसातले सुमारे २,२४० लिटरच उरत होते. ते खडीत सहज मावले आणि मुलांच्या पायाखालची जमीन कोरडी राहिली. परंतु हिशेब येथे थांबत नाही. खडीतले पाणी केवळ मातीत जिरावयाचे म्हटले, तर तासाला २ मिलिमीटरप्रमाणे १४ तास लागतील, आणि मध्ये मुरूम आहे म्हणून कदाचित अधिकच. श्रावणातली दुसरी सर तोपर्यंत वाट पाहणार नाही. म्हणून चौथा उपाय, म्हणजे पाणी बाहेर नेणारा नळ, हा सर्वांत महत्त्वाचा होय.

अंगणाच्या खालच्या बाजूस, मुरमाच्या पृष्ठापेक्षा खोल असा चर खणावा. त्यास दर १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार द्यावा. त्यात कापड अंथरून, भोके पाडलेला १० सेंटिमीटर व्यासाचा नळ खडीत बसवावा आणि कापड वरून मिटावे. ही युक्ती जुनी आहे. जॉन जॉन्स्टन या मूळच्या स्कॉटिश शेतकऱ्याने १८३५ साली स्कॉटलंडहून मातीच्या निचरा-नळांचे नमुने मागविले आणि न्यूयॉर्क राज्यातील आपल्या चिकण मातीच्या शेतात असे नळ पुरले. शेजाऱ्यांनी प्रथम त्याची थट्टा केली. परंतु पिके पाहून ते गप्प झाले. पुढे १८५९ साली हेन्री फ्लॅग फ्रेंच यांनी शेतीच्या निचऱ्यावर ग्रंथ लिहिला. खडीने भरलेल्या अशा चरास इंग्रजीत ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात, ते या गृहस्थांच्या आडनावावरून. फ्रान्स देशाशी त्याचा संबंध नाही.

आता प्रश्न उरतो तो नळाचे दुसरे तोंड कोठे उघडावयाचे, हा. सगळ्या योजनेची खरी कसोटी येथेच लागते. पावसाच्या पाण्याची सार्वजनिक गटार जवळ असेल, तर नगरपालिकेच्या परवानगीने पाणी तिच्यात सोडावे. मैल्याच्या गटारात मुळीच सोडू नये, कारण मोठ्या पावसात ती उलटी फुगते. गटार नसेल, तर लोक शोषखड्डा खणतात. परंतु तो काळ्या मातीतच संपला, तर ते केवळ पाण्याचे भांडे होते. काळ्या मातीखाली, कोठे हाताभर तर कोठे दोन पुरुष खोलीवर, मुरूम व झिजलेला खडक लागतो. तेथपर्यंत खड्डा नेला, तर पाणी जिरण्यास खरी वाट मिळते आणि त्यायोगे भूजलातही भर पडते. असा खड्डा घराच्या पायापासून निदान ५ मीटर दूर असावा. नाही तर अंगण सुकते आणि भिंत तडकते. जेथे यांपैकी काहीच शक्य नसते, तेथे नळाचे तोंड हळूच शेजाऱ्याच्या कुंपणाकडे वळविण्याचा मोह होतो. आपल्या अंगणातील पाणी दुसऱ्याच्या दारात लोटणे हा निचरा नव्हे, ती कलहाची पेरणी आहे. अशा वेळी दोन-तीन घरांनी मिळून एकच चर काढावा. खर्चही वाटला जातो आणि सलोखाही राहतो.

इतके झाल्यावर कृत्रिम हिरवळीचा विचार करावा. या घडीस ती आपले काम चांगले करते. चिखल होत नाही, पाऊस थांबल्यावर अल्पावधीत मुलांना खेळता येते, दाट सावलीत जेथे गवत उगवतच नाही तेथेही जमीन झाकली जाते. परंतु तिचे दोषही उघडपणे मांडले पाहिजेत. उन्हात ती खऱ्या गवतापेक्षा कितीतरी अधिक तापते. कडक उन्हाळ्यात तिच्या पृष्ठाचे तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकते. वर पाणी शिंपडले, तर थोडा वेळ निवते आणि पुन्हा तापते. एप्रिल-मेमध्ये अनवाणी मुलांना दुपारी तीवर सोडता कामा नये. तंतूंमध्ये भरावासाठी जुन्या टायरांचे रबरी कण वापरतात; ते पाण्याबरोबर वाहून गटारात व नदीत जातात. युरोपीय संघाने २०२३ साली अशा प्लॅस्टिक व रबरी कणांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा नियम केला असून खेळाच्या मैदानांना त्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली आहे. घरी व शाळेत धुतलेली वाळू भरणे बरे. दहा-पंधरा वर्षांनी ही हिरवळ विरते आणि मग तिचे करावयाचे काय, हा प्रश्न मागे राहतोच.

प्रत्येक अंगणास तिची गरज असते, असेही नाही. गोव्यातील जांभ्या दगडाच्या जमिनीत पाऊस तिप्पट पडूनही पाणी लवकर मुरते; तेथे निचऱ्यासाठी हिरवळ विकत घेण्याचे प्रयोजन काय? काळ्या मातीतही ऊन भरपूर असेल, तर उतार, मुरूम व चर झाल्यावर वर वीतभर पोयटा व वाळूमिश्रित माती घालून हरळी लावता येते. ती माती थंड ठेवते आणि फाटली तर स्वतःच सांधते. आणि नुसते मुरमाचे ठोकलेले अंगणही काही कमी देखणे नसते.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्यास चारच प्रश्न विचारावेत. छपराचे पाणी कोठे जाणार? खालच्या मातीस उतार किती देणार? हिरवळीखाली कोणते थर, किती जाडीचे घालणार? आणि नळाचे दुसरे तोंड कोठे उघडणार? चारही उत्तरे कागदावर लिहून मिळाली, तर काम त्यास खुशाल द्यावे. उत्तरे न देता जो केवळ रंगाचे व मऊपणाचे नमुने दाखवील, त्याला सांगावे की आमच्या अंगणात हिरव्या रंगाची उणीव नाही, पाण्याला वाट नाही. आधी ती काढा. ही वाट एकदा नीट निघाली की वर हिरवळ खरी असो वा कृत्रिम, मुले पावसाळ्यातही अंगणात खेळू लागतील, आणि वर्गणीचा पैसा चिखलात गेला असे कोणास म्हणावे लागणार नाही.